इंग्लंडमधला पहिला हिवाळा: घर गॅसवर गरम करायचं की विजेवर? खर्चाचा हिशेब पायरीपायरीने

ऑक्टोबर सरत आला की नव्याने इंग्लंडात आलेल्या मराठी घरांमधून मला एकच प्रश्न येतो: "हीटिंग लावलं तर बिल किती येईल?" त्यामागे भीती असते. कुणीतरी सांगितलेलं असतं की इथे हीटिंगवर पगार उडतो. मग माणसं दोन स्वेटर, कानटोपी घालून बसतात, मुलं शाळेतून आल्यावर जॅकेट काढत नाहीत, आणि नोव्हेंबरमध्ये खिडकीच्या चौकटीवर काळी बुरशी धरते. दुसऱ्या टोकाला काही जण बॉयलरला हात लावायला घाबरतात आणि दुकानातून वीस पौंडांचा हीटर आणून रात्रंदिवस चालवतात. त्यांना बॉयलरपेक्षा कितीतरी जास्त बिल येतं.

दोन्ही चुका टाळता येतात. त्यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही, भागाकार आला की झालं. मी रेडिंगमध्ये चौदा हिवाळे काढले आहेत, त्यातले पहिले दोन पूर्ण विजेच्या फ्लॅटमध्ये आणि पुढचे गॅसच्या घरात. खालचा हिशेब मी दर वर्षी स्वतः करते.

पायरी १: घरात नेमकं काय आहे ते बघा

किल्ली हातात आली की सामान लावण्याआधी घरभर एक फेरी मारा.

स्वयंपाकघरात भिंतीवर पांढरी पेटी असेल आणि प्रत्येक खोलीत खिडकीखाली पाण्याचे पत्र्याचे रेडिएटर असतील, तर तुमच्याकडे गॅस बॉयलर आहे. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या चारपैकी जवळपास तीन घरांत फक्त गॅसवरचं सेंट्रल हीटिंग होतं, त्यामुळे हीच शक्यता जास्त. बॉयलर म्हणजे आपल्या आंघोळीच्या बंबाचाच मोठा भाऊ: खाली जाळ, वर पाणी, आणि ते पाणी पंपाने घरभर फिरतं. नळ उघडला की लगेच पाणी तापवणारा असेल तर तो कॉम्बी बॉयलर. एखाद्या कपाटात पाण्याची मोठी टाकी असेल तर बॉयलर आधी ती टाकी तापवतो.

ती टाकी असेल तर तिच्याजवळ लाल दिव्याचं एक बटण शोधा. त्यावर बहुतेकदा 'इमर्शन' लिहिलेलं असतं. टाकीत बुडवलेला तो विजेचा हीटर आहे, साधारण ३ किलोवॅटचा. बॉयलर बंद पडला तर अडीअडचणीला वापरायचा. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने हे बटण गरम पाण्याचं मुख्य बटण समजून महिनोन् महिने चालू ठेवलं होतं. बॉयलर चांगला असूनही त्यांच्या आंघोळीचं सगळं पाणी विजेवर तापत होतं.

भिंतीवर जाडजूड, जड, वर दोन गोल खटके असलेले हीटर असतील तर ते स्टोरेज हीटर. सपाट, हलके पॅनेल असतील तर साधे विजेचे हीटर. घराबाहेर मोठ्या एसीच्या बाहेरच्या युनिटसारखी पंखा असलेली पेटी असेल तर हीट पंप. आणि लंडनमधल्या नव्या उंच इमारतींत बऱ्याचदा यातलं काहीच नसतं. सगळ्या इमारतीचं गरम पाणी एकाच ठिकाणी तापवून घरोघरी पाठवतात, त्याला हीट नेटवर्क म्हणतात. अशा घरात पुरवठादार बदलता येत नाही, आणि घरगुती वीज-गॅसची दरमर्यादा त्या उष्णतेला लागू होत नाही. उष्णतेचा दर प्रति युनिट किती आणि रोजचा आकार किती, हे दोन आकडे सही करण्याआधीच लेखी मागा.

पायरी २: बिलावरचे चार आकडे वहीत उतरवा

बिल कितीही पानांचं असो, हिशेबाला चारच आकडे लागतात: विजेचा प्रति युनिट दर, गॅसचा प्रति युनिट दर, आणि दोन्हींचा रोजचा स्थिर आकार, म्हणजे स्टँडिंग चार्ज. युनिट म्हणजे किलोवॅट-तास, महावितरणच्या बिलावर असतं तेच. स्टँडिंग चार्ज काहीही न वापरता रोज द्यावा लागतो.

ऑफजेम ही नियामक संस्था दर तीन महिन्यांनी जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरात दरांची कमाल मर्यादा ठरवते. ही मर्यादा दरावर असते, तुमच्या एकूण बिलावर नाही. जास्त वापरलंत तर जास्त भराल. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ या तिमाहीसाठी, डायरेक्ट डेबिटने, म्हणजे बँक खात्यातून आपोआप, पैसे भरणाऱ्या घरांचे सरासरी दर असे होते: वीज २६.३५ पेन्स, गॅस ६.२९ पेन्स, विजेचा स्टँडिंग चार्ज रोज ५३.६८ पेन्स, गॅसचा ३४.०३ पेन्स. यात ५ टक्के व्हॅट धरलेला आहे. हे दर विभागागणिक थोडे बदलतात. पुढचा सगळा हिशेब मी याच आकड्यांवर केला आहे. तुम्ही वाचाल तेव्हा तुमच्या बिलावरचे आकडे त्यांच्या जागी घाला, रीत तीच राहील.

आता २६.३५ ला ६.२९ ने भागा. उत्तर ४.१९. एक युनिट वीज ही एक युनिट गॅसच्या चौपटीहून महाग आहे. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, कारण पुढचे सगळे निर्णय त्याच्याभोवती फिरतात. वीज इतकी महाग का, याची कारणं अनेक आहेत. वीजकेंद्रात गॅस जाळला तर त्यातली जवळपास निम्मी ऊर्जा उष्णता म्हणून वाया जाते, बाजारात विजेचा भाव बऱ्याच वेळा गॅसवर चालणारी केंद्रंच ठरवतात, आणि अक्षय ऊर्जेसारख्या सरकारी योजनांचा खर्च गॅसपेक्षा विजेच्या बिलावर जास्त बसवलेला आहे.

पायरी ३: गॅसचं मीटर वाचायला शिका

विजेचं मीटर सरळ युनिटमध्ये असतं. गॅसचं नसतं. ते घनमीटर मोजतं, आणि बिल येतं युनिटमध्ये. नव्या माणसाचा गोंधळ इथेच होतो: "मीटर तर फक्त ७५ ने पुढे गेलं, मग बिलात ८४१ युनिट कुठून आले?"

गणित असं. घनमीटरला १.०२२६४ ने गुणा, मग गॅसच्या उष्मांकाने गुणा (तो बिलावर 'कॅलरिफिक व्हॅल्यू' म्हणून छापलेला असतो, साधारण ३९ ते ४० असतो), आणि ३.६ ने भागा. ७५ घनमीटर गुणिले १.०२२६४ गुणिले ३९.५ भागिले ३.६, म्हणजे ८४१.५ युनिट. घाईत असाल तर घनमीटरला ११.२ ने गुणा, पुरेसं जवळ येतं. ८४१.५ युनिट गुणिले ६.२९ पेन्स म्हणजे सुमारे ५२ पौंड ९३ पेन्स, आणि तीस दिवसांचा स्टँडिंग चार्ज १० पौंड २१ पेन्स. एकूण ६३ पौंड १४ पेन्स.

जुन्या घरात मीटरवर घनफूट लिहिलेलं असू शकतं. तिथे आधी २.८३ ने गुणायचं, कारण ते मीटर शंभर घनफुटांत मोजतं. हे बघितल्याशिवाय हिशेब करू नका, जवळजवळ तिपटीची चूक होते.

अंदाज यावा म्हणून आपल्या ओळखीचं माप सांगते. घरी येणाऱ्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० ते १९५ युनिट उष्णता असते. ऑफजेमने २०२५मध्ये मध्यम वापराचं घर म्हणून वर्षाला ११,५०० युनिट गॅस धरला होता. म्हणजे वर्षाला साठेक सिलिंडर! आणि हा जाळ वर्षभर सारखा नसतो, त्यातला मोठा भाग नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांत जळतो. पुण्यात दोन महिन्यांला एक सिलिंडर लागणाऱ्या घरातून आलेल्या माणसाला जानेवारीचं बिल पाहून धक्का बसतो तो यामुळेच. त्यात चूक कुणाची नसते, थंडी तितकी असते.

पायरी ४: 'एक युनिट ऊब' केवढ्याला पडते ते काढा

सगळ्या लेखात एकच पायरी करायची असेल तर ही करा. गॅसचा दर आणि विजेचा दर यांची थेट तुलना अर्धवट आहे. तुम्ही गॅस विकत घेत नाही, वीजही नाही, तुम्ही खोलीतली ऊब विकत घेता. म्हणून दराला त्या उपकरणाच्या कार्यक्षमतेने भागायचं.

गॅस बॉयलरमधला थोडा जाळ धुराड्यातून बाहेर जातो. इंग्लंडात २००५पासून नवा गॅस बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचाच, म्हणजे धुरातली काही उष्णता परत मिळवणारा, बसवावा लागतो. तो नीट चालला तर ९० टक्क्यांच्या आसपास उष्णता घरात राहते. मी जपून ८५ टक्के धरते. ६.२९ भागिले ०.८५ म्हणजे ७.४ पेन्स. ही गॅसवरची एक युनिट ऊब.

साधा विजेचा हीटर घेतलेली सगळी वीज उबेत बदलतो. १०० टक्के. त्यामुळे तिथे एक युनिट ऊब २६.३५ पेन्सलाच पडते. इथे एक गोष्ट अगदी मनावर घ्या: वीस पौंडांचा पंख्याचा हीटर, ऐंशी पौंडांचा तेलाचा रेडिएटर आणि तीनशे पौंडांचं चकचकीत सिरॅमिक पॅनेल, तिन्ही एका युनिट विजेतून तितकीच उष्णता देतात. फरक आवाजाचा, दिसण्याचा, ऊब किती वेळ टिकते याचा आणि थर्मोस्टॅटच्या, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला हीटर बंद-चालू करणाऱ्या भागाच्या, अचूकतेचा. "१०० टक्के कार्यक्षम, बिल निम्मं" अशी जाहिरात दिसली तर पुढे चला. १०० टक्के कार्यक्षमता हा विजेच्या प्रत्येक हीटरचा गुण आहे, आणि तरीही ती ऊब गॅसच्या साडेतीनपट महाग आहे.

हाच हिशेब आंघोळीला लावू. वीस लिटरची बादली १० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला ०.७ युनिट उष्णता लागते. विजेवर १८ पेन्स, गॅसवर ५ पेन्स. साडेनऊ किलोवॅटच्या विजेच्या शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहिलं तर ४२ पेन्स. चार जणांच्या घरात रोज चार शॉवर म्हणजे महिन्याला पन्नास पौंड नुसते आंघोळीचे. ज्या घरात आंघोळीला विजेचा शॉवर आणि बाकी सगळं गॅसवर असतं, तिथे हा खर्च कुणाच्या लक्षातच येत नाही.

माझ्या आईचा हिवाळा

पहिल्या बाळंतपणाला आई साताऱ्याहून आली ती डिसेंबरात. तोवर आम्ही गॅसच्या घरात आलो होतो, पण तिच्या खोलीतला रेडिएटर वरून कोमट आणि खालून गार लागायचा. घरमालकाच्या एजन्सीला दोनदा कळवलं, कुणी फिरकलं नाही. आईला गारठा सोसवेना, म्हणून आम्ही दोन किलोवॅटचा तेलाचा रेडिएटर आणून तिच्या पलंगाशेजारी ठेवला. ती सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तो चालवायची. मधूनमधून त्याच्यावर हात ठेवून बघायची आणि म्हणायची, "हा बघ, कसा आपल्या चुलीसारखा धगधगतोय."

बारा तासांत थर्मोस्टॅटमुळे तो साधारण साठ टक्के वेळ तापत असणार. म्हणजे दिवसाला १४.४ युनिट. वरच्या दराने रोज ३ पौंड ७९ पेन्स, महिन्याला ११४ पौंड, एका खोलीचे. बाकीचं घर तेव्हा गॅसवर महिन्याला त्याहून कमी पैशांत गरम होत होतं.

शेवटी शेजारच्या काकांनी रेडिएटरच्या तळाच्या पाइपला हात लावायला सांगितलं. गारढोण. आत वर्षानुवर्षांचा गाळ साचला होता. तंत्रज्ञाने तो उतरवून बागेत नेऊन पाण्याच्या नळीने धुतला तेव्हा काळं पाणी निघालं, शाईसारखं. दुपारी खोली गरम झाली आणि तेलाचा हीटर माळ्यावर गेला. विजेच्या हीटरवर पैसे घालण्याआधी रेडिएटर तपासा, असं मी सगळ्यांना सांगते ते यामुळे. वरून गार, खालून गरम असेल तर आत हवा आहे, ती वरच्या कडेच्या छोट्या चावीने सोडता येते (हीटिंग बंद करून, चावीखाली फडकं धरून). खालून गार असेल तर गाळ, आणि ते काम तंत्रज्ञाचं. बिघाड लेखी कळवा, तारखेसह. फोनवरचं बोलणं हवेत विरतं.

मग प्लगचा हीटर कधीच वापरू नये का?

वापरावा, पण हिशेबाने. विजेची ऊब गॅसच्या ऊबेच्या साधारण साडेतीनपट महाग आहे. म्हणजे तुम्हाला हव्या असलेल्या ऊबेच्या साडेतीनपटीहून जास्त ऊब बॉयलर घरभर उधळत असेल, तर एका खोलीपुरता हीटर स्वस्त पडतो. तीन बेडरूमच्या घरात एकटे घरून काम करता, आणि रेडिएटरवर स्वतंत्र खटके नाहीत? मग हीटर. खटके आहेत आणि बाकीच्या खोल्यांचे रेडिएटर कमी करता येतात? मग बहुतेक वेळा बॉयलरच.

खात्री करायची असेल तर घरीच प्रयोग करा. हवामान सारखं असलेले दोन दिवस निवडा. पहिल्या दिवशी फक्त बॉयलर, दुसऱ्या दिवशी फक्त हीटर, आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही मीटरचे फोटो. दोन दिवसांत तुमच्या घराचं उत्तर मिळतं.

आणि माणूस गरम करायचा असेल तर खोली कशाला? शंभर वॅटची विजेची चादर आठ तास चालली तरी २१ पेन्स होतात. रात्री हीटिंग बंद, अंगाखाली ही चादर आणि वर गोधडी, इतकं मोठ्या माणसांना पुरतं. तान्ह्या बाळांसाठी मात्र विजेची चादर अजिबात नाही.

पूर्ण विजेचा फ्लॅट मिळाला तर

घाबरू नका, आधी घर कसं आहे ते बघा. अशा घरात गॅसचा स्टँडिंग चार्ज वाचतो, वर्षाला १२४ पौंड. नव्या, चांगल्या इन्सुलेशनच्या, मधल्या मजल्यावरच्या एका बेडरूमच्या फ्लॅटला वर्षाला समजा १,००० युनिट ऊब लागली, तर विजेवर २६३ पौंड. गॅसवर ७४ अधिक १२४, म्हणजे १९८ पौंड. फरक फक्त ६५ पौंडांचा. पण जुन्या, वाऱ्याच्या फ्लॅटला ३,००० युनिट लागले तर विजेवर ७९० आणि गॅसवर ३४६. भाड्यातले वाचलेले पैसे तिथे बिलात जातात.

भिंतीवर स्टोरेज हीटर असतील तर रात्रीच्या स्वस्त दराचं टॅरिफ, म्हणजे दरयोजना, हवं. इकॉनॉमी सेव्हन हे त्याचं जुनं नाव, रात्रीचे सात तास स्वस्त. हीटरच्या आत जड विटा असतात. त्या रात्री तापतात आणि दिवसभर ऊब सोडतात. इनपुटचा खटका रात्री किती साठवायची ते ठरवतो, आउटपुटचा खटका ऊब किती वेगाने सोडायची ते. पहिल्या हिवाळ्यात मी दोन्ही खटके पूर्ण उघडे ठेवायचे. दुपारी कुणी घरात नसताना सगळी ऊब निघून जायची आणि संध्याकाळी विटा गार. आउटपुट दिवसभर मिटून ठेवा, घरी आल्यावर उघडा.

एक सापळा लक्षात ठेवा. या टॅरिफमध्ये दिवसाचा दर साध्या दरापेक्षा चढा असतो. वॉशिंग मशीन, इस्त्री, पाण्याची टाकी रात्रीवर नेता येत नसेल आणि स्टोरेज हीटर वापरातच नसतील, तर हे टॅरिफ तोट्याचं आहे. बिलावर दिवसाचे आणि रात्रीचे युनिट वेगळे दिलेले असतात. एकूण वापरातला निदान तिसरा हिस्सा रात्रीचा नसेल तर पुरवठादाराला फोन करून साध्या दराचा हिशेब विचारा.

हीट पंप: विजेवर चालतो, पण गणित वेगळं

हीट पंप उष्णता तयार करत नाही. बाहेरच्या थंड हवेतली उष्णता ओढून आत आणतो. घरातला फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तेच उलट्या दिशेने. त्यामुळे एक युनिट विजेत तो तीन, कधी चार युनिट ऊब देतो. तीन धरले तर एक युनिट ऊब ८.८ पेन्सला, साडेतीन धरले तर ७.५ पेन्सला.

मध्यम घराचं वर्षाचं चित्र मांडू. ११,५०० युनिट गॅसमधून ८५ टक्क्यांनी ९,७७५ युनिट ऊब मिळते. गॅसचा खर्च ७२३ पौंड अधिक स्टँडिंग चार्ज १२४, एकूण ८४७ पौंड. तीच ऊब तीनपट देणाऱ्या हीट पंपातून ८५८ पौंडांना. साडेतीनपट असेल तर ७३६ पौंडांना. साध्या विजेच्या हीटरमधून मात्र २,५७६ पौंडांना. या शेवटच्या आकड्यापुढे आधीचे तिन्ही एकाच गावचे वाटतात.

हीट पंप बसवून गॅसची जोडणी तशीच ठेवली तर १२४ पौंड चालूच राहतात. शेगडीही विजेवर नेता आली तरच ते वाचतात. फुलका आचेवर फुगवायची सवय असलेल्या घराला हा निर्णय सोपा नसतो, हे मला माहीत आहे.

स्वतःचं घर असेल तर इंग्लंड आणि वेल्समध्ये बॉयलर अपग्रेड स्कीममधून हवेच्या हीट पंपासाठी ७,५०० पौंडांचं अनुदान आहे. भाडेकरूला हा निर्णय घेता येत नाही, पण हीट पंपाचं घर भाड्याने मिळालं तर वापरायची रीत वेगळी हे लक्षात ठेवा. तो बॉयलरसारखा तासभर पेटवून बंद करायचा नसतो. मंद आचेवर भात शिजवावा तसा सलग, कमी तापमानावर चालू द्यायचा.

बॉयलर आहे, तर त्याच गॅसमध्ये जास्त ऊब

पहिली गोष्ट, रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान. बऱ्याच घरांत ते ७५-८० अंशांवर ठेवलेलं असतं. परतणारं पाणी ५५ अंशांच्या खाली आलं तरच कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णता परत मिळवतो. म्हणून कॉम्बी असेल तर रेडिएटरचं चिन्ह असलेला खटका ६०च्या आसपास आणा. खोली गरम व्हायला थोडा जास्त वेळ लागेल, एवढंच. पाण्याची टाकी असेल तर मात्र हे करू नका. टाकीतलं पाणी ६० अंशांपर्यंत तापायलाच हवं, नाहीतर त्यात लिजिओनेला जंतू वाढू शकतात, आणि त्यासाठी बॉयलरचं पाणी त्याहून गरम लागतं.

भिंतीवरचा थर्मोस्टॅट १८ ते २१च्या मध्ये ठेवा. तो २८वर नेला म्हणून खोली लवकर गरम होत नाही, फक्त बॉयलर थांबत नाही. घरात बाळ, आजीआजोबा किंवा दम्याचा रुग्ण असेल तर १८च्या खाली जाऊ नका. रेडिएटरवरच्या खटक्यावर १ ते ५ आकडे असतात, ३ म्हणजे साधारण २० अंश. गॅस बॉयलर दिवसभर मंद चालू ठेवण्यापेक्षा उठायच्या अर्धा तास आधी आणि घरी यायच्या अर्धा तास आधी लावणं स्वस्त पडतं.

ओलीचाही खर्चाशी संबंध आहे. भाताची वाफ, आंघोळीची वाफ, रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे, हे सगळं पाणी गार भिंतीवर जाऊन बसतं. स्वयंपाक करताना एक्झॉस्ट पंखा लावा, आणि रोज सकाळी दहा मिनिटं खिडक्या सताड उघडा. एवढ्याने ऊब जाईल असं वाटतं, पण भिंती गरमच राहतात. हवा बदलते आणि कोरडी हवा लवकर तापते.

गॅस आहे तिथे सावधगिरी

खर्च वाचवायला बॉयलरची तपासणी चुकवू नका. भाड्याच्या घरात दर वर्षी गॅस सेफ नोंदणी असलेल्या तंत्रज्ञाकडून तपासणी करून घेणं आणि प्रमाणपत्र भाडेकरूला देणं ही घरमालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. इंग्लंडात १ ऑक्टोबर २०२२पासून बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म देणंही त्याच्यावर बंधनकारक आहे. या वायूला ना वास, ना रंग. अलार्मचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. बॉयलरची ज्योत निळी हवी, पिवळी दिसली तर बंद करून कळवा. गॅसचा वास आला तर खिडक्या उघडा, विजेच्या बटणांना हात लावू नका, घराबाहेर या आणि ०८०० १११ ९९९ वर फोन करा. हा नंबर फोनमध्ये आजच साठवा.

घर घेण्याआधी आणि सोडताना

घर बघायला जाताना पत्त्यावरून त्याचं ऊर्जा प्रमाणपत्र, म्हणजे ईपीसी, सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतं. ए ते जी अशी श्रेणी असते, आणि इंग्लंड-वेल्समध्ये भाड्याने द्यायचं घर सहसा निदान ई असावंच लागतं. त्यात हीटिंग कशावर आहे, भिंतींना इन्सुलेशन आहे का, खिडक्या दुहेरी काचेच्या आहेत का, सगळं लिहिलेलं असतं. एजंट "वॉर्म अँड कोझी" म्हणतो तेव्हा मी शांतपणे ईपीसी उघडते. मागच्या भाडेकरूचं जानेवारीचं बिल किती होतं, हेही विचारा.

मीटर कुठल्या प्रकारचं आहे ते विचारा. आधी पैसे भरून मग वापरायच्या प्रीपेमेंट मीटरमध्ये उन्हाळ्यात एकही युनिट गॅस न वापरता स्टँडिंग चार्ज साठत जातो, आणि पहिल्या थंडीत भरलेल्या पैशांतून तो आधी कापला जातो. उन्हाळ्यातही थोडे पैसे भरत राहा.

आत जाताना पहिल्याच दिवशी दोन्ही मीटरचे फोटो काढा, तारीख दिसेल असे, आणि पुरवठादाराला पाठवा. रीडिंग आपोआप पाठवणारं स्मार्ट मीटर नसेल तर दर महिन्याला रीडिंग द्या, नाहीतर बिल अंदाजाने येतं. दोन वर्षांनी कुणी जुनी थकबाकी काढली, तर पुरवठादाराच्या चुकीमुळे राहिलेल्या, बारा महिन्यांपूर्वीच्या वापराचे पैसे तो मागू शकत नाही, असा ऑफजेमचा नियम आहे. डायरेक्ट डेबिट वर्षभर सारखा असेल तर उन्हाळ्यात खात्यात शिल्लक वाढलेली दिसेल. ती हिवाळ्याची तरतूद आहे. पण मार्च संपूनही मोठी शिल्लक उरली असेल तर परत मागा, ते पैसे तुमचे आहेत.

आणि घर सोडायच्या दिवशी, किल्ली देण्याआधी, पुन्हा त्याच दोन मीटरसमोर उभं राहून दोन फोटो काढा. जिन्याखालच्या कपाटात अंधार असेल, म्हणून फोनचा टॉर्च लावून.